एका दिवसाला एकच बाजू

मिस्तरीला जाऊन वर्ष होत आलं. त्याच्या रेडिएटरच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकतात. पोरगं चांगलं आहे दुकानातलं, मला आजोबा म्हणतं, पण मी तिकडं बघत नाही. शटर तेच आहे आणि शटरच्या भोकावरचा पत्र्याचा डाग तोच आहे. मिस्तरीनं स्वतः मारलेला.

चौसाळ्यात त्याला नावानं हाक मारणारं कुणी मला आठवत नाही. मिस्तरी म्हटलं की तोच. हायवेला तोंड करून आधी माझं किराणा दुकान, त्याला लागून त्याचं. मागं आमची घरं. त्याच्या अंगणाची आणि माझ्या अंगणाची भिंत एकच, छातीइतकी उंच. त्या भिंतीच्या अलीकडं मी आणि माझी बायको, पलीकडं तो आणि त्याचा बाजा.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. सजवून लिहायला मला येत नाही. मिस्तरीबद्दल चांगलंच लिहिणार आहे, पण खोटं लिहिणार नाही, कारण खोटं त्याला लगेच कळायचं. रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून तो बुडबुडे बघायचा आणि बोट ठेवून म्हणायचा, "गळतंय." माणसाच्या बोलण्यालाही तो तेच म्हणायचा. पुढारी भाषण करून गेला की "गळतंय." गिऱ्हाईक म्हणालं, बाजाराला येतो, तेव्हा नक्की देतो, की "गळतंय, पर जाव." मी एकदा म्हणालो की मला आता गोड चहा आवडत नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, "अप्पा, लई गळतंय."

तर त्याचा बाजा. तो जॅझ ऐकायचा. आमच्या गावात हा शब्द त्याच्यामुळंच आला आणि त्याच्याबरोबरच गेला. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी काढलेलं संगीत, असं तो सांगायचा. मोठ्या काळ्या तबकड्या होत्या त्याच्याकडं, ताटाएवढ्या, पुठ्ठ्याच्या पाकिटात घातलेल्या. पाकिटांवर गाल फुगवलेली माणसं. माझी बायको गेली त्या दिवसापासून मिस्तरीनं तो बाजा बंद ठेवला आणि एक दिवस त्या सगळ्या तबकड्या खोक्यांत भरून पुण्याला जायला निघाल्या. त्या जाणार का राहणार, एवढंच खरं सांगायचं आहे मला. पण आधी माणूस सांगतो, नाहीतर तबकड्यांचं काय एवढं, असं वाटेल.

जवानीत तो मुंबईला होता. एका मोठ्या हॉटेलात बँड वाजायचा, त्या बँडच्या मास्तरची गाडी हा चालवायचा. मास्तर गोव्याचा, सॅक्सोफोन वाजवणारा. मास्तर आत वाजवायचा आणि हा भटारखान्याच्या दारात उभा राहून ऐकायचा. पुढं हॉटेलानं बँड बंद केला. मास्तर गावाकडं निघाला तेव्हा एक पत्र्याची पेटी त्यानं याच्या पुढ्यात सरकवली. म्हणाला, "तू ऐकतोस. माझ्या घरचे नुसते सहन करतात."

ती पेटी मिस्तरीनं एसटीनं गावाला आणली. कंडक्टर म्हणाला टपावर टाक. हा म्हणाला, टपावर ऊन लागतं, वाकतील. सगळी वाट मांडीवर घेऊन बसला. बीड येईस्तोवर पायाला मुंग्या आल्या, उतरताना पडला, पण पेटी वर धरून पडला. ही गोष्ट त्यानं मला इतक्या वेळा सांगितली की पडलो मीच, असं मला वाटायचं.

पुढं भर पडत गेली. हैदराबादला जुन्या सामानाचा बाजार भरतो, पुण्यालाही भरतो. ट्रकवाले ओळखीचे. कुणाच्या तरी केबिनमध्ये बसून जायचा आणि दोन-चार तबकड्या घेऊन यायचा. कापड घेतल्यागत बोटानं चाचपून, उजेडाला धरून, वास घेऊन. वास कावून घेता, असं मी विचारलं, तर म्हणाला, "ओलीत राहिलेली वेगळा वास मारती, अप्पा. तुमी मिरची न्हाई का हुंगत?"

आणून झाली की रिठ्याच्या पाण्यानं धुवायचा. भांड्याच्या मांडणीत ताटं उभी करतात तशा त्या उभ्या करून सावलीत वाळवायचा. एकदा त्याच्या घरी आलेल्या पाहुण्यानं ताट समजून हात घातला, तेव्हा मिस्तरी असा ओरडला की माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक पळालं. ठेवायच्या कशात, तर ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत. उभ्या. मध्ये मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला. "धान्याला जे लागतं तेच हिला बी लागतं," म्हणायचा. "निजवायची न्हाई. निजली की वाकती. माणूस बी तसंच हाय."

ऐकायची वेळ ठरलेली. दुपार कलल्यावरची नमाज झाली की दुकानाचं शटर अर्धं खाली. अंगणात खाट. लाईट असली तर लाईटवर, नसली तर ट्रकच्या बॅटरीवर. आणि एका दिवसाला एकच बाजू. तबकडीची एक बाजू संपली की सुई उचलायची, तबकडी पाकिटात घालायची, कोठीत ठेवायची. दुसरी बाजू उद्या. कितीही आवडलेली असू दे.

"अर्धंच ऐकून झोप कशी लागती तुमाला?" मी विचारायचो.

"उद्या हाय म्हणून लागती," तो म्हणायचा.

मला तो बाजा आवडायचा नाही. उगाच कशाला सांगू आवडायचा. टेम्पोचं सायलेन्सर फाटल्यावर आवाज येतो, तसं वाटायचं. मी भिंतीवरून डोकं काढायचो.

"मिस्तरी, कुणाच्या गाडीचा हॉर्न अडकलाय का?"

"अप्पा, तुमाला कान हायेत का नुसती भोकं?"

"भोकंच हायेत. त्यात बोळे घालतो आता."

"घाला. तंबाखू ठेवायला जागा व्हईल."

असं रोजचं. आणि माझी बायको हसायची. तिला तो बाजा कळायचा. कळायचा म्हणजे काय, ते मला आजही सांगता येणार नाही. शाळेचं तोंड न बघितलेली बाई. पण त्या वेळेला ती सूप घेऊन भिंतीला पाठ लावून बसायची, दुकानातली डाळ नाहीतर ज्वारी पाखडायला. बसली की सुपाच्या काठानं भिंतीवर टकटक करायची. म्हणजे, बसले मी, लावा आता. तोवर मिस्तरी सुई ठेवायचा नाही. तिला ताप असला आणि ती आली नाही, तर भिंतीपलीकडून विचारायचा, "अप्पा, आज दळण-पाखडण न्हाई का?" सरळ कसं विचारणार? परक्याची बायको. तो बायको गेलेला एकटा माणूस. भिंत मधी होती आणि दोघं ती कधी विसरले नाहीत.

तबकड्यांची खरी नावं इंग्रजीत, पाकिटावर. मिस्तरीला इंग्रजी अडखळत यायचं, गाडीच्या पार्टापुरतं. तर नावं माझ्या बायकोनं ठेवली. एक ऐकून म्हणाली, "ह्याला कुणीतरी जेवायला वाढा बाई." ती तबकडी उपाशी झाली. एकीत दोन बाजे एकमेकांच्या अंगावर धावून जायचे, ती जावा-जावा. एक होती ती सगळी हळू हळू, तोंडात बोलल्यासारखी, तिला ती म्हणायची कानगोष्ट. मिस्तरी पुण्याहून नवी तबकडी आणायचा आणि बारशाला आणल्यागत भिंतीवर पाकीट उभं करायचा. "भाभी, हिचं नाव सांगा." ती ऐकायची, दोन दिवस, दोन्ही बाजू. मग नाव सांगायची. ते पक्कं.

एकदा एका तबकडीत नुसता खसखस आवाज यायला लागला. मी म्हणालो, घासली गेली, पैसे पाण्यात. मिस्तरीनं पाकीट दाखवलं. एक माणूस ढोलापुढं बसलेला, दोन्ही हातात तारेचे झाडू. काठीनं वाजवायच्याऐवजी झाडू फिरवत होता.

मिस्तरी भिंतीवरून म्हणाला, "भाभी, सूप थांबवा जरा. ऐका. आता चालू करा. बगा, तुमी पाखडता, तसं त्यो बी पाखडतो."

बायको तशीच पाखडत राहिली. खस, खस, खसखस. मी मधी उभा होतो आणि मला पलीकडचं कोणतं आणि अलीकडचं कोणतं ते कळेना. बाजू संपल्यावर ती म्हणाली, "ताल बरा हाय त्याचा. पण त्याला म्हणावं, मधून मधून खडं बी निवड."

मिस्तरी खाटेवर आडवा होऊन हसला. पुढं कित्येक दिवस गिऱ्हाइकाला सांगायचा, अमेरिकेच्या ढोलवाल्याची चूक आमच्या भाभीनं काढली.

आता त्याच्या कामाचं सांगतो, कारण पुढचं त्याच्यावरच आहे. ट्रक तापून, वाफा सोडत हायवेवरून यायचा. ड्रायव्हर उडी मारून पाण्याचा डबा शोधायचा. मिस्तरी पहिल्यांदा तो डबा हिसकून घ्यायचा. तापल्या इंजनात गार पाणी घातलं की इंजनाचं हेड तडकतं. हे सगळ्या मेस्त्र्यांना माहीत असतं, पण थांबायचं किती, ते जो तो आपल्या अंदाजानं करतो. मिस्तरी घड्याळ बघायचा नाही. तबकडी लावायचा. बाजू संपेस्तोवर इंजन निवतं, हा त्याचा हिशेब. बाजू संपली की बॉनेटवर हात ठेवायचा, मग झाकण काढायचा.

कारखान्यांचा हंगाम सुरू होण्याच्या दिवसांत शिरूरकडची एक टोळी ऊसतोडीला निघाली होती. ट्रकमध्ये माणसं, बायका, पोरं, चुली, कोंबड्या, वर सरपणाच्या मोळ्या. आमच्या दारात येऊन ट्रक वाफाळला. मुकादम खाली उतरला तोच शिव्या देत.

"ए मिस्तरी, लाव हात लवकर. आज टोळी कारखान्यावर पोचली पायजे."

मिस्तरीनं बॉनेट उघडून बघितलं आणि आत गेला. बाहेर आला तो बाजा घेऊन. लांब वायर, स्पीकर ओट्यावर, तोंड ट्रककडं. 'जावा-जावा' लावली.

मुकादम बघतच राहिला. "हे काय बे? मी काय वरातीला आलोय?"

"इंजन तापलंय," मिस्तरी म्हणाला. "तुजं डोकं बी तापलंय. दोन्ही निवू दे."

"अन् उशीर झाला तर?"

"पाणी आत्ता घाल. हेड फुटू दे. मग हितंच ऊस लाव अन् हितंच तोड."

ट्रकमधल्या बाया हसायला लागल्या. मुकादमापुढं हसायचं म्हणजे सोपं नाही, त्याची उचल घेतलेली असते. पण हसल्या. पहिल्यांदा बाज्याला हसल्या, मग एक म्हातारी खाली उतरली, कमरेवर हात ठेवून स्पीकरसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, ह्या तर भांडायल्यात!" माझी बायको दुकानाच्या पायरीवरून ओरडली, "जावा हायेत त्या, जावा!" म्हातारीनं ट्रकमधल्या आपल्या सुनांकडं हात केला. "मग बरोबर हाय, अशाच करत्यात ह्या!" एका बाईनं जर्मनची थाळी काढून तिच्यावर उलथन्यानं ठेका धरला. पोरं नाचली. मुकादम माझ्याकडं येऊन बिडी मागून गेला, दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याचा पाय हलत होता. मी बघितला. त्यानं बघितलं की मी बघितला, मग थांबवला.

बाजू संपली. मिस्तरीनं बॉनेटवर हात ठेवला. रेडिएटर काढून, गळती झाळून, बसवून टोळी मार्गाला लावली. जाताना ती म्हातारी म्हणाली, "येताना त्या भांडत असल्या तर पुन्हा ऐकव रे बाबा." ऊस संपून ती टोळी परतली तेव्हा ट्रक तापलेला नव्हता, तरी थांबला.

मिस्तरीची बायको माझ्या बायकोच्या खूप आधी गेली. तिला पोचवून आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यानं अंगणात खाट टाकली आणि बाजा लावला. मशिदीकडची दोन वडीलधारी माणसं आली.

"मिस्तरी, मय्यत के घर में बाजा?"

तो उठून उभा राहिला, त्यांना खाटेवर बसवलं. म्हणाला, "चच्चा, तुमाला रडायला तोंड हाय. मला न्हाई जमत. मला ह्या बाज्याचं पितळ लागतं."

ती माणसं थोडा वेळ ऐकत बसली आणि गेली. त्या दिवशी त्यानं मला सांगितलं की हा बाजा ज्या गावात जन्मला तिथं मेलेल्या माणसाला बँड लावून नेतात. जाताना हळू, पाय ओढत. पुरून झालं की येताना तेच लोक नाचत येतात. मी म्हणालो, येडे असतील. तो म्हणाला, "येडे न्हाईत, अप्पा. घरी यायला काय तरी पायजे की. रिकामं कसं यायचं?"

त्याच्याकडं तशी एक तबकडी होती. एका बाजूला जातानाचं, दुसऱ्या बाजूला येतानाचं. हिला माझ्या बायकोनंही नाव ठेवलं नाही. 'ती' म्हणायचे दोघं.

मग माझी बायको गेली. फार दिवस आजारी नव्हती. पोटात दुखतं म्हणाली, बीडला नेली आणि बीडहून आणली ती तशीच. पुढचं लिहीत नाही. आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला बसवून, फुलं घालून, वाजत-गाजत नेतात आणि पुरतात. भजनवाले होते, बँडवाले होते. मिस्तरी पायानं अधू झाला होता तरी शेवटपर्यंत चालत आला. माती दिली. परत फिरलो तेव्हा बँडवाल्यांनी बाजे पिशव्यात घातले आणि जो तो आपला चालू लागला. मिस्तरी माझ्या शेजारून चालत होता. निम्म्या वाटेत म्हणाला, "अप्पा, जाताना वाजवलं. येताना कावून न्हाई वाजवलं?"

मला राग आला. मी म्हणालो, "आमच्यात तसं नसतं. गप चला."

तो गप झाला. असा गप झाला की भिंतीपलीकडचा आवाजच गेला. दुपार कलायची, नमाज व्हायची, शटर अर्धं खाली यायचं, खाट अंगणात पडल्याचं ऐकू यायचं. पुढं काही नाही. मी दुकानात बसून वाट बघायचो. ज्याला आयुष्यभर नावं ठेवली त्याचीच. आज लावेल, उद्या लावेल. पावसाळा गेला, ज्वारी पेरून झाली. दिवाळी आली आणि गेली, ज्वारी काढून झाली. काही नाही.

मी मनाशी ठरवलं की मिस्तरीचे कान गेले. कारण दुसरं काय असणार? ज्यानं स्वतःची बायको गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी बाजा लावला, तो माझ्या बायकोसाठी कशाला थांबेल? कान गेले, नाहीतर मन उडालं. विचारायची सोय नव्हती. मी जाऊन म्हणू काय, बाजा लावा म्हणून? बायकोला माती देऊन आलेला म्हातारा गाणी मागतो, असं गल्ली म्हणाली असती. आणि खरं सांगतो, मला भीती वाटायची. मी म्हणेन आणि तो लावेल आणि भिंतीला पाठ लावून कुणी बसलेलं नसेल.

तो दिवसेंदिवस उतरत चालला होता. शटर उघडायला उशीर करायचा. एकाच गळतीला दोनदा झाळ मारायचा. मी एकदा म्हणालो, मिस्तरी, तब्येत बघा. म्हणाला, "बरी हाय." आता 'गळतंय' म्हणायची माझी पाळी होती. मी म्हणालो नाही.

आणि एका दुपारी त्याचा पुण्याला राहणारा पोरगा गाडी घेऊन आला. पोरगा चांगला, बापाला न्यायला वरचेवर म्हणायचा, बाप जायचा नाही. बरोबर एक चष्मेवाला माणूस होता आणि पुठ्ठ्याचे खोके होते. तो माणूस जुन्या तबकड्या घेणारा. मी गल्ला तसाच उघडा टाकून गेलो.

अंगणात कोठीचं झाकण उघडं. चष्मेवाला एकेक पाकीट हलक्या हातानं काढत होता, त्यालाही माया होती त्याची, मी बघितलं. "चाचा, ही कुठली हो?" तो विचारत होता. पाकिटाला पाठ करून ओट्यावर बसलेला मिस्तरी मागं न बघता नुसत्या पाकिटाच्या आवाजावरून सांगत होता. "ती उपाशी. ती कानगोष्ट. ती सांभाळून धर बे, जावा-जावा हाय." चष्मेवाल्याला काही कळत नव्हतं, तरी तो हो हो म्हणत होता.

मी म्हणालो, "मिस्तरी, विकायलाव व्हय?"

"ऐकायच्याच न्हाईत तर ठिवून काय लोणचं घालू?"

"ऐकत कावून न्हाई? कानाला काय झालं?"

"कानाला काय धाड भरलीय?" मिस्तरी पहिल्यांदा माझ्याकडं वळला. "भितीपल्याड सुतक हाय, अप्पा."

मला कळेचना. "सुतक? कुणाचं सुतक? आमच्यात सुतक पाळतच न्हाईत, मिस्तरी. इतकी वर्षं भितीला भीत लावून राहिला, एवढं बी म्हाईत न्हाई तुमाला?"

"जातीचं न्हाई म्हणत मी. तुमचं म्हणतोय. दुकानातला रेडिओ लावला का तुमी त्या दिवसापासून? सणाला पुरण शिजवलं का? माझ्याशी एक वाकडं बोललात का? गाडी उभी हाय, वाफ निघायलीय, मला दिसतंय. तापल्या इंजनात पाणी मी घालू? सारी जिंदगी दुसऱ्याला नको म्हणलो."

"अन् तुमची बायको गेली तवा?"

"ते माझं इंजन व्हतं. हे तुमचं हाय. त्याच्यावर हात ठिवून निवलं म्हणायचं काम तुमचं, अप्पा. मी वाट बगत बसलो. तुमी म्हणलाच न्हाई. आता मी बी म्हातारा झालो, किती बसू?"

पोरगा खाली बघत होता. चष्मेवाल्यानं हातातलं पाकीट तसंच धरलं होतं. मागायची माझ्या तोंडाला सवयच नाही. वाजवा, एवढा शब्द होता, तोही निघेना. मी वळलो आणि घरी आलो. त्याला वाटलं असेल मी रागानं गेलो.

सूप खुंटीला होतं. ती गेल्यापासून कुणी काढलं नव्हतं, काठाला तिनं शेणानं सारवलेलं होतं ते सुकून उडालं होतं. मी ते काढलं, पोत्यातून ज्वारी घेतली आणि अंगणात जाऊन भिंतीला पाठ लावून बसलो, तिच्या जागेवर. तिथं भिंत गुळगुळीत झालेली आहे. पाठीला लागली.

पलीकडं खोके ओढल्याचा आवाज येत होता. पोरगा म्हणाला, "अब्बा, झालं भरून. चिकटपट्टी लावू का?"

मी सुपाच्या काठानं भिंतीवर टकटक केलं.

पलीकडं सगळं थांबलं. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून आणखी जोरात केलं.

मग मिस्तरीचा आवाज आला, पोराला म्हणाला, "खोल."

"अब्बा, कुठला खोका?"

"सगळे खोल."

कागद फाटला, पुठ्ठे वाजले. खाट सरकली. मग सुई टेकल्याची ती खरखर, तव्यावर पाणी शिंपडल्यागत. मी ती विसरून गेलतो. आणि बाजा सुरू झाला. मला वाटलं होतं तो जातानाचं लावेल, हळू. त्यानं ते लावलं नाही. जाताना तर आम्ही वाजवलंच होतं. त्यानं येतानाचं लावलं.

मी पाखडायला लागलो. मला कुठं येतंय पाखडता, ती असताना कधी सुपाला हात लावला नाही. एक झटका दिला की निम्मी ज्वारी मातीत. चिमण्या आल्या. पलीकडं पितळ नाचत होतं आणि अलीकडं माझ्या डोळ्यांचं जे झालं ते मी पुसलं नाही, हात रिकामे नव्हते.

भिंतीवरून मिस्तरीचं डोकं वर आलं. त्यानं सांडलेली ज्वारी बघितली, मला बघितलं.

"अप्पा, ताल सोडायलाव."

"ज्वारी सोडायलोय, मिस्तरी. तालाचं काय घेऊन बसलाव."

"सावकाश. भाभी मनगटातून करायच्या."

"तुमी बघितलं व्हतं व्हय कधी, भितीपल्याडून?"

"बगायला कशाला लागतंय? ऐकू यायचं."

डोकं खाली गेलं. मी मनगटातून करून बघितलं. थोडं जमलं. बाजू संपत आली तसा तो बाजा आणखी उड्या मारायला लागला, वेशीत आल्यागत, घर दिसल्यागत. मग संपला. सुई उचलल्याचा आवाज आला. पाकिटाचा आवाज आला. कोठीचं झाकण लागलं.

मी तसाच बसून राहिलो. पुढं काय करायचं मला माहीत नव्हतं. ती असताना बाजू संपली की उठून चहा टाकायची.

बऱ्याच वेळानं मिस्तरी पलीकडून बोलला, खाटेवर आडवं होऊनच बोलला असणार.

"अप्पा, दुसरी बाजू उद्या."